उंबऱ्याचा मारुती

आत्या, सुटलीस तू. आणि तुझ्यामागे मीही सुटले.

पहिले काही दिवस तुझ्याशी मनातल्या मनातसुद्धा बोलवत नव्हतं. रडू यायचं, पण त्यातलं अर्धं रागाचं असायचं. माणूस जाताना मागच्यांना काहीबाही देऊन जातं. बोरमाळ, दोन लुगडी, एखादं पितळी भांडं. तू मला गुपित देऊन गेलीस, आणि वर शपथ घातलीस की तोंड उघडायचं नाही. अगं, त्याचं मी काय करायचं होतं? तू निवांत डोळे मिटलेस आणि माझी झोप उडाली. गावातून कुणाचाही फोन आला की वाटायचं, झालं, कळलं सगळ्यांना.

आणि कळलंच, आत्या. तू ज्याला भीत होतीस ते सगळं झालं. भर दुपारी, उघड्यावर, गावासमोर झालं. मी तिथेच होते. म्हणून आधी सांगते, घाबरू नकोस. आता नीट ऐक, आणि तुझ्या सवयीप्रमाणे मधेच 'ते ऱ्हाऊ दे' म्हणू नकोस.

पेपरात दादाने तुझा फोटो दिला तो आधारकार्डावरचा. त्यात तू पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसतेस. खाली लिहिलं होतं, 'भूकंपात पती व पुत्र गमावूनही खंबीरपणे उभ्या राहिलेल्या'. तुला हे वाक्य आवडलं नसतं. कुणी तुला खंबीर म्हटलं की तू म्हणायचीस, "खंबीर कशाची, पडायला जागा न्हवती मनून उभी ऱ्हायले." मी हसायचे. तुझ्या अशा बोलण्यावर हसायचं की गप्प बसायचं हे मला कधीच नीट कळलं नाही.

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला शाळेत होते. तुमचं घर माळवदाचं, दगडमातीच्या हातभर जाड भिंतींचं. गाय व्यायला झाली होती म्हणून तू तेवढी त्या रात्री गोठ्यात निजली होतीस. तुझा नवरा, आमचे मामा, आणि तुझा बाळू घरात होते. बाबा तुला आमच्याकडे घेऊन आले तेव्हा तुझ्या केसांत माती होती आणि आई कितीदा न्हाऊ घालायची तरी ती निघायची नाही असं मला वाटायचं. दिवाळीच्या आधीच तू परत जायचा हट्ट धरलास. पत्र्याच्या शेडमध्ये राहायला! आई किती विनवत होती. तू म्हणालीस, तिथं रडायला तरी सोबत आहे, इथं मी एकटीच रडते आणि तुम्ही सगळे माझ्याकडे बघत बसता. 

मग जुन्या गावापासून दूर माळावर नवं गाव बसलं. सांगवी हे नाव कागदावरच राहिलं, सगळे त्याला पुनर्वसनच म्हणायचे. एकसारखी घरं, सरळ रस्ते, कोणाची गल्ली कोणती ते गावातल्या माणसालाच कळेना. पण कडुलिंबाखाली पार होता आणि पारावर मारुती होता. जुन्या गावातला, वेशीतला. भूकंपात वेस कोसळली, शंभर घरांची माती झाली, पण मारुतीला ओरखडा नाही, असं सगळे सांगायचे. तो मलब्यात तुला सापडला, हेही सांगायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आले की तू मला आधी पाया पडायला न्यायचीस. जाड भगव्या शेंदराचा गोळाच तो, वर चांदीचे दोन डोळे. मी हात जोडायचे. तू मात्र हात पदराखाली घेऊन उभी असायचीस. नुसती मान वाकवायचीस. मला वाटायचं, देवावर हिचा राग आहे, आणि असणारच.

पुढे मी शिकले, आणि जे शिकले त्यावरून आपली भांडणं सुरू झाली. जुन्या इमारती जतन करायचं शिक्षण असतं हे तुला कधी पटलंच नाही. "पडायलंय ते पडू देत न्हाईत, असली कसली नोकरी," असं तू शेजारणींना सांगायचीस. उदगीरजवळच्या देवळाचं काम चाललं होतं तेव्हा हौसेने तुला दाखवायला नेलं. काळ्या दगडाचे देखणे खांब, आणि भाविकांनी त्यांना पिवळा-हिरवा ऑइलपेंट मारून ठेवलेला. आम्ही तो महिनोन्महिने हलक्या हाताने काढत होतो. एका खांबावर रंगाखालून नाचणारी बाई निघाली होती, पायातल्या चाळांसकट. तू तिच्याकडे किती वेळ बघत राहिलीस! मला वाटलं, जिंकले. मग गाभाऱ्यात गेलो. तिथल्या मूर्तीवरचा शेंदूर आम्ही काढायला घेतला होता. तू पाऊल मागे घेतलंस आणि म्हणालीस, "देवाला उघडं पाडलंस की गं."

तिथून परत येताना एसटीत आपण भांडलो. पुढच्या सीटवरचा माणूस मान वळवून ऐकत होता. मी म्हणत होते, खरं काय ते लोकांना दिसायला नको का? कुणी घडवलं, कधी घडवलं, त्याचा चेहरा कसा होता? वरचा शेंदूर हा मागाहून आलेला, मूळ ते खाली. तू म्हणत होतीस, घडवणाऱ्याने एकदाच हात लावला, शेंदूर लावणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या लावला, मग त्यांचे हात म्हणजे मळ का? मग तू विरजणावर आलीस. भूकंपात गावातलं सगळं दूधदुभतं गेलं, पहिल्यांदा गाय व्यायली तेव्हा विरजण तुझ्या शेजारच्या चाँदबीने तिच्या माहेराहून आणलं, अन् आज गावात जेवढं दही लागतं ते त्यातलं. "सांग, ते दही खरं का खोटं? दूध कुणाचं, विरजण कुणाचं?" मी म्हणाले, दही वेगळं, दगड वेगळा. तू म्हणालीस, खाऊन बघितल्याबिगर कसं कळतंय. पुढच्या सीटवरचा माणूस हसला आणि मला तुम्हा दोघांचाही संताप आला.

मला वाटायचं, ही आपली नेहमीची भांडणं. आत्या जुन्या वळणाची, भाची शिकलेली. तू माझ्याशी एवढ्या तावातावाने का भांडतेस, हे मला कळलं विष्णुपुरीला.

झालं होतं असं, की जुन्या गावठाणाचं स्मारक करायचं ठरलं. पडकी वेस जपायची, भोवती कुंपण घालायचं, आणि 'भूकंपातही न भंगलेला मारुती' म्हणून आपल्या पारावरच्या मारुतीची वारसा म्हणून नोंद करायची. पाहणीचं काम माझ्याकडे आलं. मला केवढा आनंद! आपल्या गावचं काम. मी गावच्या बैठकीत सांगितलं, की मूर्ती किती जुनी ते कळायला शेंदराचं कवच एकदा उतरवावं लागेल, मग पुन्हा चढवू. नागनाथ गुरव, म्हणजे आपल्या मारुतीची पूजा बघणारे आबा, नेहमीसारखे कपाळाला आठ्या घालून बसले होते. त्यांनी हो नाही काहीच म्हटलं नाही. तू मात्र बायकांच्या घोळक्यातून ताडकन उठलीस आणि निघून गेलीस. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. फोन केला की चाँदबीकडे द्यायचीस.

मग तुझं दुखणं निघालं. तपासायला नांदेडला माझ्याकडे आलीस. डॉक्टरांनी तुला काही सांगितलं नाही, पण तुला कळायचं ते कळलं होतं. दवाखान्यातून निघताना म्हणालीस, विष्णुपुरीला पाणी बघायला जाऊ. धरण भरलेलं होतं. आपण कट्ट्यावर शेंगा खात बसलो. बराच वेळ पाण्याकडे बघून तू म्हणालीस, "मंगे, खरा मारुती पाण्यात हाय."

मला वाटलं, औषधाची गुंगी. पण तू गुंगीत नव्हतीस. शेडमधल्या त्या दिवसांचं तू सगळं सांगितलंस. मलबा उपसताना वेशीजवळ मारुती तुला सापडला होता, पण मानेपासून दोन तुकडे झालेला. भंगलेला देव पुजायचा नसतो. तू मामांच्या धोतरात ते तुकडे बांधलेस आणि नदीच्या डोहात सोडून आलीस. कुणाला बोलली नाहीस. शेडमध्ये तेव्हा रोज एक बिऱ्हाड गाठोडं बांधत होतं, कुणी सोलापूरला, कुणी पुण्याला. देवानेच पाठ फिरवली, आता इथं राहून काय करायचं, हेच सगळ्यांच्या तोंडी. आणि त्यातच एका पोराचं लग्न निघालं. आईबाप दोघंही गेलेलं पोर. परण्या निघायचा, म्हणजे नवरदेवाने मारुतीच्या पाया पडून मांडवात यायचं, तर पाया पडायला मारुतीच नाही. ज्या गावाला मारुती नाही ते गाव कसलं, असं म्हणून म्हातारी माणसं लग्न दुसऱ्या गावी लावायच्या गोष्टी करायला लागली.

तेव्हा तू तुझ्या पडलेल्या घराकडे गेलीस. भिंती गेल्या होत्या, दार गेलं होतं. उंबरा तेवढा जागेवर होता. काळ्या दगडाचा, तुझ्या सासऱ्याच्या आजाने घातलेला, पावलांनी मधोमध झिजून खोलगट झालेला. चाँदबीच्या घरची बैलगाडी उरली होती. सगळे मदतवाटपाला गेलेले बघून तुम्ही दोघींनी पहारीने तो उंबरा काढला, गाडीवर चढवला, माळावर आणला, आणि गाडी मागच्या बाजूला उलार करून कडुलिंबाखालच्या खड्ड्यात उभा सोडला. तेल आणि शेंदूर कालवून पहिला हात तू लावलास. ज्या मारुतीला बाईमाणसाने शिवायचं नाही, त्याला. तेही कपाळ पांढरं झालेल्या बाईने. मग गावाला जाऊन सांगितलंस, मारुती सापडला, धडधाकट आहे.

"देव फुटला मनून सांगितलं असतं तर गाव बी त्याच दिवशी फुटलं असतं," असं तू म्हणालीस. मला तुझा अभिमान वाटला, आत्या, तेव्हा सांगायला हवं होतं. पण मी काय म्हणाले? मी म्हणाले, मग आता तरी सांगून टाक, आता कोण गाव सोडून जातंय? तू माझ्याकडे असं बघितलंस की मी लहान होऊन गेले.

"ज्या पोरांनी डोकं टेकवलं त्येंला काय सांगू? रांडमुंड बाईच्या घरच्या उंबऱ्याला टेकवलं मनून?"

मग आपण पुन्हा भांडलो, शेंगांची टरफलं पायाशी पडलेली. मी विचारलं, मी अहवालात काय लिहू? मूळ मूर्ती म्हणून खोटी सही करू? तू म्हणालीस, खोटी न्हाई. मी म्हणाले, मग खरी कशी? तू म्हणालीस, ते मला नगं विचारू, तू शिकलीस. आणि शपथ घातलीस.  पुढे तुझं दुखणं वाढत गेलं, बोलण्यात फक्त गोळ्या आणि पेज राहिली. हा वाद तसाच अर्धा राहिला. शेवटच्या दिवसांत तू माझा हात धरून ठेवायचीस, आणि मला वाटायचं, आता बोलेल. तू विचारायचीस, गॅस बंद केला का?

अहवाल मी दिला नाही. मुदत मागून घेतली, घरात मृत्यू झालाय म्हणून. ते तरी खरं होतं.

तुझं तेरावं झालं, पाहुणे पांगले, मी दोन दिवस मागे राहिले. तुझं घर आवरायचं होतं. गावात नागनाथ आबांच्या नातवाचं लग्न होतं, संध्याकाळी परण्या निघणार होता. दुपारी मी तुझी पातेली धुवून पालथी घालत होते, तर कोपऱ्यावरच्या घरातली सून धावत आली. म्हणाली, ताई, मारुती निघाला. मी विचारलं, निघाला म्हणजे? ती म्हणाली, पोरांनी फवारा मारला.

अगं, काय करावं या लोकांना! नवरदेवाच्या दोस्तांना वाटलं, लग्न आहे तर मारुती कसा चकाचक पाहिजे. फाट्यावरच्या सर्व्हिसिंग सेंटरवरून ट्रॅक्टर धुवायचं मशीन उचलून आणलं आणि मारुतीवर सोडलं! ज्या दगडाला मी मऊ ब्रश लावू का म्हणून बैठकीत परवानगी मागत होते, त्याच्यावर या पठ्ठ्यांनी चिखल उडवायचा फवारा धरला. उन्हाने तापून कवच आधीच सुटत आलं असणार. एका बाजूने पाणी आत घुसलं आणि एवढ्या वर्षांचा शेंदूर चांदीच्या डोळ्यांसकट एका अंगाला येऊन पडला. जाड पाटासारखा. त्याच्या आतल्या बाजूला उंबऱ्याचा साचा उमटलेला होता.

मी अनवाणी पळाले, आत्या. पारापाशी निम्मं गाव जमलेलं. आणि मधोमध तो उभा, तुझा उंबरा. ओला, काळा, मधोमध झिजलेला, दोन्ही टोकांना चौकटीची खोबण. आंधळ्यालासुद्धा कळलं असतं की ही मूर्ती नाही. पोरांचे चेहरे पडलेले.  माझ्या डोक्यात एकच, हिचं नाव आता मातीला मिळणार. तेराव्याचं जेवण जिरलं नाही तोवर लोक म्हणणार, बाईने गावाला फसवलं, देव म्हणून दगड पुजायला लावला.

ऐकशील का, मी काय केलं ते? मी, जिने तुला खरं-खोटं, मूळ-नकली यावरून इतकी वर्षं छळलं, ती मी खोटं बोलायला तोंड उघडलं. ही मूर्तीची मागची बाजू आहे, असं सांगणार होते. माझी डिग्री आहे, माझ्यावर विश्वास ठेवला असता त्यांनी. 'ऐका' एवढं म्हणालेही.

नागनाथ आबांनी हात वर केला. "ताई, बसा."

म्हातारा काठी टेकत पारावर चढला. त्या झिजलेल्या खोलगट जागेवर त्याने उजवा पंजा ठेवला आणि तसाच ठेवून आमच्याकडे वळला. म्हणाला, "हितं हात बसतोय बगा. पयल्या शनवारपासून बसतोय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आत्या, जो माणूस दर शनिवारी जुन्या मारुतीला तेल लावायचा, त्याच्या पोटावरून, गदेवरून, वाकड्या केलेल्या गुडघ्यावरून हात फिरवायचा, त्याला पहिल्याच शनिवारी कळणार नव्हतं? आपण दोघी किती शहाण्या! मी विष्णुपुरीला हे ऐकलं, तू तेवढी वर्षं पोटात ठेवलंस, आणि दोघींपैकी एकीच्याही डोक्यात हा विचार आला नाही.

त्यांनाच नाही, सगळ्या जुन्या माणसांना ठाऊक होतं. चाँदबी काठी टेकत आली होती, ती कासावीस होऊन म्हणाली, "मैं तो किसकूच नै बोली." आबा म्हणाले, तू कशाला सांगायला पाहिजे होतंस? मारुती आला त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या शेडांचा स्वयंपाक एकत्र होता, भाकरी वाढायला कौसल्याबाई होती, म्हणजे तू, आणि तिच्या दहाही नखांत शेंदूर होता. दुसऱ्या दिवशीही होता. आठवडाभर होता. रॉकेलने घासून घासून बोटं सोलली तरी होता. लोक भाकरी घ्यायचे, नखं बघायचे आणि खाली मान घालून जेवायचे. कुणी कुणाला काही बोललं नाही.

तेव्हा मला तुझे पदराखालचे हात आठवले. मारुतीसमोर उभी राहिलीस की पदराखाली जाणारे. नखं केव्हाच स्वच्छ झाली असतील, पण तू आयुष्यभर ते हात लपवत राहिलीस, ज्यांनी ते आधीच बघितले होते त्यांच्यापासून.

मी आबांना विचारलं, मग तुम्ही तिला कधी बोलला का नाहीत? माझा आवाज चढला होता, कारण मला वाटलं, किती हलकी झाली असती ती. आबांनी हात दगडावरून काढून घेतला. मग म्हणाले, "तिचं समदं गेलं होतं. तिला वाटायचं, आपुन गाव सांभाळायलोय. आमी मनलं, सांभाळू द्या. त्येच्यापायी तर उठायची ती सकाळी."

आत्या, तू गावाला जपत होतीस आणि गाव तुला जपत होतं, आणि दोघांनी एकमेकांना कळू दिलं नाही. मी तिथे पारापाशी मातीत बसून मोठ्याने रडले. तुझ्या तेराव्याला रडले नव्हते इतकं. रडता रडता हसायलाही येत होतं, चाँदबी माझ्या पाठीवरून हात फिरवत 'बस कर, बस कर' म्हणत होती आणि स्वतःच हुंदके देत होती.

पोरांना मात्र यातलं काही माहीत नव्हतं. नवरदेव अंगाला हळद लागलेला तिथेच उभा. त्याने विचारलंच, मग आजपर्यंत जे पाया पडलो ते काय उंबऱ्याच्या? म्हातारा नातवावर डाफरला. नवी नवरी घरात येते ती काय ओलांडून येते, त्याला हळदकुंकू का लावतात, संध्याकाळी त्यावर का बसू देत नाहीत? आणि हा तर सगळ्या गावाचा उंबरा आहे, हा ओलांडूनच आपण इथे राहायला आलो.  मला वाटलं, बाळूचं लग्न झालं असतं तर तो याच उंबऱ्यावरून बायकोला आत घेऊन आला असता. ते राहून गेलं. पण गावातला एकेक नवरदेव तुझ्या दारात डोकं टेकवून मांडवात गेला, आत्या. ज्याची तुला लाज वाटत होती तेच मला आता सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं.

परण्याची वेळ होत आली होती. कुणीतरी परातीत शेंदूर आणि गोडंतेल कालवून आणलं. चांदीचे डोळे काढून घेऊन पडलेलं कवच धोतरात बांधलं, ते डोहात सोडायचं ठरलं, जुन्या मारुतीशेजारी. ते ऐकून मला तुझं समाधान झाल्यासारखं वाटलं. मग आबांनी परात उचलली. मी बाजूला झाले, कारण पारावर बायकांनी चढायचं नसतं, हे लहानपणापासून त्यांनीच आम्हाला काठी दाखवून शिकवलेलं. ते माझ्यासमोर येऊन थांबले.

"पयला हात तुमच्या घरचा असतो," ते म्हणाले.

 मी जन्मभर लोकांना सांगत आलेय की मूळ दगडावर काही चढवू नका. तुला आठवतं ना, एसटीत किती बोलले होते. शेंदरात बोटं बुडवली तेव्हा ते सगळं माझ्या डोक्यात होतं, आणि तरी हात मागे आला नाही. खोलगट जागेत तळवा ठेवला. थंड होती, आणि माझा हात तिथे बरोबर बसला. मग आबांनी हात लावला, मग चाँदबीने लांबूनच नमस्कार केला, मग पोरं पुढे आली. घोडा आला तोवर मारुतीला चांदीचे डोळे बसले होते.

आपला वाद मी सोडलेला नाही, हे लक्षात ठेव. उदगीरच्या खांबांवरचा ऑइलपेंट मी अजूनही काढणारच, आणि त्या मशीनवाल्या पोरांना मी जे झापलंय ते ती जन्मभर विसरणार नाहीत. पण अहवाल लिहिला. खाली सही केली. आबांनाच विचारलं होतं, काय लिहू? ते म्हणाले, हाय ते लिवा की. म्हणून लिहिलं, की हा उंबरा आहे, जुन्या गावातल्या एका घराचा, नव्या गावाने तो मारुती म्हणून पुजला, आणि हे गावाला पहिल्यापासून ठाऊक आहे. तुझं नावही लिहिलं. शपथ मोडली म्हणशील तर मोडली. गावानेच मोडायला लावली.

नांदेडला परत येऊन आठ दिवस झाले. शेंदूर नखांतून जात नाही, आबा म्हणाले ते खरं. ऑफिसात परवा कुणीतरी विचारलं, मॅडम, हाताला काय झालं? मी दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि तुझी सगळी गोष्ट सांगितली, चहा गार होईपर्यंत.

आत्या, आता तूही हात पदराबाहेर काढ. सगळ्यांनी केव्हाच बघितलेत ते.